ठाणावरच्या घोड्याचा विरंगुळा

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत एक फेरफटका मारला, की हौसेनं घोडा घेणारे आपल्याकडे किती आहेत ते कळतं. कुणाला मारवाडी हवा असतो, कुणाला काठेवाडी, कुणाला पांढराशुभ्र नुकरा. कुणी वरातीसाठी घेतो, कुणी रपेटीसाठी, कुणी नुसता दाराची शोभा म्हणून. घोडा घरी येतो, खोगीर येतं, चंदीची सोय होते, पत्र्याची शेड उभी राहते. मग आगाडी-पिछाडी बांधून तो त्या शेडमध्ये उभा राहतो आणि दिवसाचे वीस-बावीस तास उभाच असतो. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या लाखमोलाच्या घोड्याची गतही याहून फार वेगळी नसते. पहाटेची कसरत झाली की त्याचा उरलेला दिवस चार भिंतींत जातो.

अशा घोड्यासाठी काय करता येईल, त्याला खेळायला काय द्यावं आणि काय कधीच देऊ नये, याबद्दल हा लेख आहे. बाजारातली महागडी खेळणी यात फारशी येणार नाहीत. बहुतेक गोष्टी घरच्या, शेतातल्या वस्तूंतून होतात. मात्र त्या करण्याआधी घोड्याला कंटाळा येतो म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घ्यायला हवं.

मोकळ्या रानातला घोडा दिवसाचे सोळा-अठरा तास चरत असतो. दोन घास, एक पाऊल, पुन्हा दोन घास, असा त्याचा दिवस जातो. त्याचं शरीरही त्याच बेतानं घडलेलं आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं असतं आणि त्यात आम्ल सतत झरत राहतं, पोटात चारा असो वा नसो. आम्लाचा मारा सौम्य करणारी लाळ मात्र फक्त चावतानाच सुटते. आपण त्याला सकाळ-संध्याकाळ तोबरा चढवतो. त्यातली चंदी अर्ध्या तासात संपते. नंतर तोंडाला काम नाही, पायाला काम नाही, बघायला समोर भिंत. घोड्याचा कंटाळा इथून सुरू होतो, आणि पोटातल्या व्रणांनाही इथूनच निमित्त मिळतं.

मग खोडी लागतात. घोडा गव्हाणीची कड वरच्या दातांत धरतो, मान ताणतो आणि ढेकरेसारखा आवाज करत घशात हवा ओढतो. दिवसातून शेकडो वेळा हे चालतं. पुढचे दात झिजून तिरपे होतात, मानेच्या खालचे स्नायू फुगतात. काही घोडे दारात उभे राहून डावीकडून उजवीकडे तासन् तास डुलत राहतात, काही खोलीत फेऱ्या मारून फरशी झिजवतात, काही लाकूड कुरतडतात. या खोडी सगळ्यांच्या लक्षात येतात. एक मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तो घोडा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा असतो. मान पाठीच्या रेषेत, डोळे उघडे, कान हलत नाहीत, कुणी आलं-गेलं तरी वळून बघत नाही. ‘फार गुणी आहे, काही त्रास नाही’ असं मालक त्याच्याबद्दल सांगतो. मला डुलणाऱ्या घोड्यापेक्षा या घोड्याची काळजी जास्त वाटते. डुलणारा निदान काहीतरी मागत असतो, यानं मागणंच सोडून दिलेलं असतं.

खोड मोडण्यासाठी गळ्याला पट्टा आवळणं, कडेला मिरची फासणं, चाबूक दाखवणं हे उपाय सर्रास होतात. ते करू नका. हवा ओढणं हा त्याचा त्रासावरचा उतारा असतो. उतारा काढून घेतला आणि त्रास तसाच ठेवला, तर त्याची तगमग वाढते. एका घोड्याचं बघून दुसरा शिकतो, ही समजूतही पक्की आहे. पण शेजारी-शेजारी बांधलेल्या दोघांना एकच खोड लागते तेव्हा दोघांचं ठाण आणि चंदीही एकच असते, हे आपण विसरतो. शिंगरं वाढवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: आईपासून तोडल्याबरोबर ज्या शिंगरांना दाण्यावर आणलं, त्यांच्यात हवा ओढण्याची खोड लागण्याचा धोका चौपट दिसल्याचं ब्रिटनमधल्या 2002 सालच्या एका अभ्यासात आढळलं होतं. त्या वयात गवत आणि सोबत या दोन गोष्टी कमी पडू देऊ नयेत.

घोडा अचानक मंदावला, खाणं टाकलं, कुशीकडे वळून बघू लागला किंवा एकाएकी लाकूड खाऊ लागला, तर तो कंटाळा समजून खेळणी आणत बसू नका. आधी पशुवैद्याला बोलवा. दात, पोट, जंत, ताप हे सगळं तपासून झाल्यावरच पुढचं.

विरंगुळ्याची सुरुवात चाऱ्यापासून करा. 350 किलोच्या घोड्याला रोज साधारण 5 ते 7 किलो सुका चारा लागतो. तेवढाच चारा, पण तो जास्त वेळ पुरेल आणि शोधावा लागेल अशा रीतीनं द्यायचा. एकाच गव्हाणीत भारा टाकण्याऐवजी खोलीच्या किंवा वाड्याच्या तीन-चार कोपऱ्यांत लहान ढीग करा. एकात हरळी, एकात ओटचं सुकं गवत, एकात थोडी लसूणघास. घोडा एका ढिगातून चार घास घेतो, दुसऱ्याकडे जातो, पुन्हा पहिल्याकडे येतो. चारा भरपूर असला तरी त्याला पर्याय चाखून बघायचे असतात. त्या येण्या-जाण्यात त्याची पावलं पडतात, नाक चालतं, आणि आपल्याला जादा खर्च काही येत नाही. एकापेक्षा जास्त घोडे असतील तर ढिगांची संख्या घोड्यांपेक्षा एक-दोनने जास्त ठेवा, म्हणजे दबका घोडा उपाशी राहत नाही. दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू नये. पहाटे तीनला उठून चारा टाकणं कुणाला जमत नाही, म्हणून रात्रीचा वाटा बारीक भोकांच्या जाळीत भरावा. चारेक सेंटिमीटरच्या भोकातून एका वेळी थोड्याच काड्या निघतात आणि तोच चारा दुप्पट वेळ पुरतो.

जाळी मात्र नीट बांधावी लागते. ती रिकामी झाली की लोंबते, आणि नाल ठोकलेला पाय तिच्यात अडकला तर घोडा स्वतःला सोडवण्याच्या धडपडीत पाय मोडून घेऊ शकतो. रिकाम्या जाळीचा तळही छातीच्या वर राहील, इतकी उंच बांधा. नाल असलेल्या घोड्याला जमिनीवर जाळी देऊच नका. जमिनीवर चारा खाणं घोड्याला सर्वांत मानवतं, कारण मान खाली असली की नाकातली धूळ बाहेर येते. पण तुमची जमीन वाळूची असेल तर खाली रबरी चटई घाला. चाऱ्याबरोबर पोटात गेलेली वाळू आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेली चूक परत निघत नाही. खेळण्यांच्या बाबतीतही हे सतत ध्यानात ठेवायचं आहे.

आता घरच्या घरी करता येणारं सगळ्यांत चांगलं खेळणं. जाड, लवचीक प्लास्टिकचा पाच ते दहा लिटरचा गोल डबा घ्या. तो खाद्यपदार्थाचाच हवा. शेतावर औषध फवारणीचे, फिनेलचे, इंजिन ऑइलचे डबे पडलेले असतात. ते दहा वेळा धुतले तरी घोड्यासाठी वापरायचे नाहीत. मूठ असलेला डबा टाळा, खूर किंवा खालचा जबडा तिच्यात अडकतो. झाकण आणि त्याखालची प्लास्टिकची कडी दोन्ही काढून फेकून द्या. बाजूला तीन-चार भोकं पाडा, पेलेट किंवा हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. प्रत्येक भोकाची आणि तोंडाची कड पॉलिश पेपरने घासून स्वतःच्या जिभेला लावता येईल इतकी गुळगुळीत करा. आत दोन मुठी खाद्य टाका. हे खाद्य रोजच्या चंदीतूनच काढलेलं असावं, वरचं नको.

डबा जमिनीवर ठेवला की घोडा काय करतो ते पाहण्यासारखं असतं. आधी लांबून फुरफुरतो. मग मान लांब करून मिश्यांनी चाचपतो. नाकासमोरचं आणि नाकाखालचं घोड्याला दिसत नाही, तिथे मिश्याच त्याचे डोळे असतात. म्हणून दिखाव्यासाठी त्या कापू नयेत. नाकाचा धक्का लागून डबा गडगडतो, दोन दाणे सांडतात. घोडा ते टिपतो, डब्याकडे बघतो, आणि या वेळी मुद्दाम ढकलतो. हुशार घोडी थोड्याच दिवसांत भोक खाली येईल असा डबा कलता करायला शिकते. मोतद्दाराला पहिल्या दिवशी हे दाखवून ठेवा. पुढे तो स्वतःच डबा भरायला विसरत नाही.

हे खेळणं भुकेल्या घोड्याला कधीच देऊ नका. पोट रिकामं असताना दाणा दोन-दोन करून मिळाला, तर तो चिडतो, कान मागे टाकून टापा मारतो, डबा फोडतो. आधी चारा, मग डबा. वीसेक मिनिटांनी तो उचलून घ्यायचा.

टांगून ठेवायच्या वस्तूंत सैंधव मिठाचा मोठा खडा उत्तम. चाटण्यात वेळ जातो, मीठही पोटात जातं, फक्त शेजारी पाणी भरपूर हवं. मोठं बीट किंवा जाड गाजरही टांगता येतं. बोटाएवढी जाड सुती दोरी त्यातून ओवा आणि खाली गाठ मारा. गोलसर, कोपरा नसलेली वस्तूच टांगा, कारण झोका घेऊन ती डोळ्यावर आदळणार असते. उंची नाकाच्या पातळीला, दोरी आखूड, म्हणजे घोडा उधळून मागच्या पायांवर उभा राहिला तरी पुढचा पाय दोरीत जाणार नाही. नायलॉनची दोरी इथे नको, ती तुटत नाही. वर कडीला बांधताना मध्ये साध्या तागाच्या सुतळीचा एक फेरा ठेवा. घोडा अडकलाच, तर झटक्यासरशी सुतळी तुटली पाहिजे. बीट खाऊन लहान झालं की उरलेला तुकडा आणि दोरी दोन्ही काढून घ्या.

गाजराबद्दल एक सूचना सगळ्यांसाठी आहे, घरातल्या मुलांसाठी आणि थंड हवेच्या ठिकाणी घोड्याला खाऊ घालणाऱ्या पर्यटकांसाठीही. गाजराच्या गोल चकत्या करू नका, त्या अन्ननलिकेत बुचासारख्या बसतात. उभे लांब काप करा. आंब्याची कोय, बटाटा, कांदा, पाव, मिठाई, चॉकलेट यातलं काहीही घोड्याला द्यायचं नाही.

चेंडू द्यायचा तर तोंडात न मावणारा. फुटबॉल घोडा एका चाव्यात फोडतो आणि आतला रबर गिळतो. व्यायामशाळेत वापरतात तो 65-75 सेंटिमीटरचा, फुटला तरी हळूहळू हवा सोडणारा चेंडू घ्या आणि त्याला जाड मांजरपाटाची खोळ शिवा. निळा किंवा पिवळा घ्यावा. घोड्याला लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यामुळे हिरव्या मैदानावर लाल चेंडू त्याला उठून दिसत नाही. हा खेळ मोकळ्या वाड्यातला आहे, खोलीतला नाही, आणि तो चालू असताना कुणीतरी समोर हवं. तरुण घोडे चेंडूमागे धावतात, म्हातारे बहुधा एकदा हुंगून चरायला निघून जातात. त्यांना आग्रह करू नये.

जुने टायर पुष्कळ जण टाकतात. माझं मत स्पष्ट आहे, टाकू नका. टायरच्या आतली पोलादी तार कडेला उघडी पडते आणि ओठ, जीभ फाडते. नालेचा पाय टायरच्या भोकात गेला तर तो बाहेर काढणं कठीण होतं.

नाकाला मिळणारा विरंगुळा आपण विसरतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी 2005 साली तबेल्यातल्या घोड्यांसमोर वेगवेगळ्या स्वादांचं खाद्य ठेवून पाहिलं. त्यांच्या पसंतीत मेथी पहिली आली, केळं दुसरं, आणि पहिल्या आठांत जिरं आणि गाजरही होतं. आपल्या स्वयंपाकघरात यातलं काय नाही? एका ढिगावर चिमूटभर मेथीची पूड, दुसऱ्यावर जिऱ्याची, तिसऱ्याखाली केळ्याच्या सालीचे तुकडे लपवून बघा. वास हुंगत घोडा सगळे ढीग उलथे-पालथे करतो. शर्यतीच्या घोड्याला मात्र पशुवैद्याला विचारल्याशिवाय कुठलीही नवी गोष्ट देऊ नये, मसालाही नाही.

कुरतडायला डहाळी द्यावी. तुतीची फांदी पानांसकट द्या. साल सोलण्यात घोडा तासभर रमतो, आणि रेशीमकिड्यांसाठी तुती लावलेल्या गावांत ती सहज मिळते. रसायनाची फवारणी झालेली नाही, हे आधी विचारून घ्या. जी झाडं माहीत नाहीत ती तोडून टाकू नका. कण्हेर तर शेडच्या आसपासही नको. तिची थोडीशी पानं घोड्याचा जीव घेतात, सुकली तरी विष कमी होत नाही, आणि आपल्याकडे फार्महाऊसच्या कुंपणाला हौसेनं कण्हेरच लावतात. एरंडाच्या बिया, धोतरा, घाणेरी, गुंज ही तशीच घातक. सुबाभूळ गाई-म्हशींना घालतात म्हणून घोड्यालाही टाकली जाते, त्यानं आयाळ आणि शेपटीचे केस झडतात. हिरवी ज्वारी आणि सुदान गवतही घोड्याला घालू नये, मूत्राशयाचा आणि मागच्या पायांचा आजार होतो.

खाज भागवणं हाही घोड्याचा मोठा आनंद. काथ्याच्या ताठ ब्रशचं डोकं भिंतीवर किंवा खांबावर, त्याच्या पुठ्ठ्याच्या उंचीला, पक्कं ठोका. खिळ्याचं टोक बाहेर नको, स्क्रू आत बुडालेले हवेत. खरारा करतानाही घाई करू नका. दोन घोडे एकमेकांच्या खांद्याचा उंचवटा दातांनी खाजवतात ते आपण पाहतो. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरच्या 1993 सालच्या अभ्यासात त्या जागी खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावल्याचं दिसलं होतं. मान जिथे पाठीला मिळते, तिथे पाच मिनिटं खरारा चालवा. वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला की जागा बरोबर सापडली. वाड्याच्या एका कोपऱ्यात दगड-काचा वेचून मऊ माती किंवा वाळू टाका, तिथे तो लोळेल. नुकताच धुतलेला घोडा लोळला म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

वरची सगळी खेळणी एकत्र केली, तरी दुसऱ्या घोड्याची जागा घेऊ शकत नाहीत. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा असला की राखणही त्यालाच करावी लागते, झोपही धड होत नाही. दुसरा घोडा परवडत नसेल तर शेळी सोबतीला ठेवा, शर्यतीच्या तबेल्यांतही हा उपाय जुना आहे. दोन घोडे शेजारी असतील तर मधली भिंत वरच्या भागात उघडी करून गज लावा, म्हणजे एकमेकांना हुंगता येईल. दाराखेरीज आणखी एका बाजूने बाहेरचं दिसू लागलं की डुलणं कमी होतं, असं 2000 साली ब्रिटनमधल्या प्रयोगात दिसलं. दोन वर्षांनी तिथेच आरशाचाही तसाच परिणाम आढळला. आरसा लावायचा तर काचेचा कधीच नाही. ॲक्रिलिकचा किंवा चकचकीत स्टीलचा पत्रा, कडा लाकडी चौकटीत झाकलेल्या. पहिला तासभर जवळ थांबा. नर घोडा आरशातल्या ‘परक्या’ घोड्यावर धावून जाऊ शकतो, तसं झालं तर लगेच काढा.

आणि रोज दहा मिनिटं शिकवणी. काठीच्या टोकाला निळा चेंडू बांधा. घोड्यानं नाक लावलं की तोंडानं ‘टक्’ करा आणि गाजराचा काप द्या. हे त्याला समजलं की चेंडू जमिनीवर पसरलेल्या ताडपत्रीपलीकडे धरा, लाकडी वाशांपलीकडे धरा, अनोळखी दारात धरा. ताडपत्रीवरून स्वतःहून चालत गेलेला घोडा वरातीतल्या फुग्यांना आणि छत्र्यांनाही कमी बिचकतो. खाऊ हातातून न देता भांड्यात टाका, म्हणजे बोटं चावायची सवय लागत नाही. पाठीवर न बसता नुसतं मोरकीला धरून नव्या वाटेनं फिरवून आणणंही यातच येतं. वाटेत तो थांबून हुंगू लागला तर थांबू द्या.

कोणतंही नवं खेळणं पहिल्यांदा मोकळ्या जागेत, लांब ठेवा. जायचं की नाही ते घोड्याला ठरवू द्या. जवळ आणून नाकाशी धरलेली वस्तू त्याला कायमची भीती घालते. दोन-तीन दिवस झाले की ते उचलून दुसरं द्या आणि आठवड्यानं पहिलं परत काढा. कायम समोर असलेल्या खेळण्याकडे तो बघत नाही.

विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बादलीभर पाण्यात गाजराचे काप टाकून ते गोठवा आणि बर्फाचा तो गोळा दुपारी रबरी टबात ठेवा. घोडा चाटत राहतो आणि खालचं पाणीही पितो. पावसाळ्यात मात्र सावध राहायचं. दोरी, खोळ, डब्याचा तळ यांवर बुरशी लगेच धरते, बुरशीचा चाराही घोड्याला पोटशूळ आणि दमा देतो. खेळणी दर आठवड्याला धुऊन उन्हात, ऊन नसेल तर चुलीपाशी कोरडी करा. कड चरबरीत झाली, तडा गेला, शिवण उसवली की दुरुस्त करत बसू नका, वस्तू टाकून द्या. प्रत्येक घोड्याची खेळणी वेगळी ठेवा. यात्रेतून किंवा दुसऱ्या तबेल्यातून आलेल्या नव्या घोड्याला निदान तीन आठवडे वेगळं बांधा, आणि त्याची बादली, तोबरा, डबा, चेंडू यातलं काहीही या काळात इतरांकडे जाऊ देऊ नका. कुठल्याही घोड्याच्या नाकातून पू येऊ लागला किंवा जबड्याखाली गाठी दिसल्या, तर त्याची खेळणी त्याच दिवशी बाजूला काढा, त्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा आणि पशुवैद्याला कळवा. ही लक्षणं ग्लँडर्सचीही असू शकतात, आणि तो आजार माणसालाही होतो.